रेडिओग्राफीला ॲडमिशन घेतलीय? मग आधी एक रिपीटची वही घ्या

दरवर्षी नवीन बॅच आमच्याकडे पोस्टिंगला येते आणि पहिल्याच आठवड्यात कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, ताई, फिजिक्स डोक्यावरून जातंय, ॲनाटॉमी पाठ होत नाही आणि पोझिशनिंगच्या पुस्तकात एवढे व्ह्यू, म्हणजे फोटो घ्यायचे कोन, आहेत की कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. हे इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहूनच काढावं. बीएस्सी मेडिकल इमेजिंग, बीपीएमटी रेडिओग्राफी, डिप्लोमा, काहीही करत असाल तरी चालेल, सिलॅबस थोडा मागेपुढे होतो, विषयांची नावं बदलतात, पण टेबलावर झोपलेला पेशंट सगळीकडे सारखाच असतो.

माझं म्हणणं असं आहे की या कोर्समधले सगळे विषय एका जागी येऊन भेटतात आणि ती जागा म्हणजे खराब निघालेला फोटो. एक्सरे परत घ्यावा लागला की त्याचं कारण फिजिक्समध्ये असतं, नाहीतर ॲनाटॉमीत, नाहीतर आपण पेशंटशी काय आणि कसं बोललो त्यात. रिपीट म्हणजे पेशंटला विनाकारण दुसऱ्यांदा रेडिएशन. त्यामुळे अभ्यासाची सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या पानापासून करू नका, तिथून करा.

वही कशी करायची

साधी दोनशे पानी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा: तारीख, कुठला व्ह्यू, काय बिघडलं, का बिघडलं, परत घेताना काय बदललं. पोस्टिंगमध्ये रोज तुमच्यासमोर दोन-तीन तरी फोटो रिजेक्ट होतात, तुमचेच असले पाहिजेत असं काही नाही, सीनियरचे असले तरी लिहा. चौथा रकाना तिथल्या तिथे भरला नाही तरी चालेल, तो घरी गेल्यावर पुस्तक उघडून भरायचा, कारण अभ्यास तोच आहे.

वहीत पेशंटचं नाव, वय, नंबर यातलं काहीही लिहायचं नाही. आणि मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायला तर नाहीच, कोपऱ्यात नाव असतं ते लक्षात येत नाही आणि नाव नसलं तरी तो कोणाचा तरी आजार आहे, आपला नाही. त्याऐवजी हाताने चित्र काढा. चित्रकला नसली तरी बिघडत नाही. हाताने काढताना तुम्हाला ठरवावं लागतं की नक्की कुठलं हाड कुठे सरकलंय, फोटो काढून ठेवला की ते डोकं चालतच नाही.

मी सेकंड इयरला असताना एका आजींच्या गुडघ्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने फोटो, घेत होते. पहिल्या फोटोत फिमरचे, म्हणजे मांडीच्या हाडाचे, खालचे दोन्ही गोल उंचवटे (कॉन्डाइल) एकावर एक आले नाहीत, मी पाय थोडा फिरवला, दुसरा फोटो आणखी वाईट, कारण मी उलट्या बाजूला फिरवला होता. तिसऱ्याच्या वेळी आजी म्हणाल्या, बाळ, अजून किती गं, दुखतंय. त्यांचा आवाज माझ्या अजून कानात आहे. मला दोन कॉन्डाइलपैकी आतल्या बाजूचा म्हणजे मीडियल कुठला आणि बाहेरच्या बाजूचा म्हणजे लॅटरल कुठला हे फोटोत ओळखताच येत नव्हतं, एवढंच कारण होतं. मीडियलवर ॲडक्टर ट्युबर्कल असतं, तो छोटा उंचवटा फोटोत शोधला की गुडघा कुठल्या बाजूला जास्त झुकलाय ते कळतं आणि दुसरा फोटो बरोबर येतो. हे वाक्य ॲनाटॉमीच्या नोट्समध्ये मी परीक्षेआधी वाचलेलं होतं, मार्कही मिळाले होते. पण त्या वाक्याचा गुडघ्याच्या फोटोशी काही संबंध आहे हे मला त्या दिवशी कळलं. वही तेव्हापासूनची.

फिजिक्स: तीन हिशोब आधी पक्के करा

फिजिक्सला सगळे घाबरतात. घाबरण्याचं कारण असं की ते क्वांटम वगैरेपासून सुरू होतं आणि कंट्रोल पॅनेलपर्यंत पोचेपर्यंत सेमिस्टर संपतं. तुम्ही उलटं करा. पॅनेलवर दोन आकडे असतात, केव्हीपी आणि एमएएस, त्यांना पकडून मागे ट्यूबमध्ये जा.

एमएएस म्हणजे किती एक्सरे निघणार, केव्हीपी म्हणजे ते किती जोराने आरपार जाणार. कॅथोडचा फिलामेंट तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, केव्हीपीमुळे ते वेगाने टंगस्टनच्या ॲनोडवर आदळतात, आणि त्या सगळ्या एनर्जीतली साधारण ९९ टक्के उष्णता होते, फक्त १ टक्क्याच्या आसपास एक्सरे बनतो. ॲनोड का फिरतो, ट्यूब तेलात का बुडवलेली असते, सकाळी मशीन वॉर्मअप का करतात, फाइन फोकसवर मोठं एक्सपोजर का देत नाहीत, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या ९९ टक्क्यांत आहेत. व्हायवाला हे चार प्रश्न हमखास येतात.

आता हिशोब. पहिला, इन्व्हर्स स्क्वेअर. अंतर दुप्पट झालं की इंटेन्सिटी पाव होते, तिप्पट झालं की एक नवमांश. समजा १०० सेंटिमीटरवर १० एमएएसने चांगला फोटो येतोय आणि तोच तुम्हाला १८० सेंटिमीटरवर घ्यायचाय, तर १.८ चा वर्ग ३.२४, म्हणजे साधारण ३२ एमएएस लागणार. हाच नियम वॉर्डात पोर्टेबल घेताना तुम्हाला वाचवतो, एक मीटरवर उभं राहण्याऐवजी दोन मीटरवर गेलात तर तुम्हाला पोचणारं स्कॅटर, म्हणजे पेशंटच्या अंगावरून इकडेतिकडे उडणारं रेडिएशन, साधारण पावपट, म्हणून वायर पूर्ण लांब ओढायची, आळस नाही करायचा.

दुसरा, १५ टक्क्यांचा नियम. केव्हीपी १५ टक्के वाढवलं तर एमएएस निम्मं करता येतं. ७० केव्हीपी आणि १० एमएएस असेल तर ८० केव्हीपी आणि ५ एमएएसला डिटेक्टरवर, म्हणजे एक्सरे पकडणाऱ्या प्लेटवर, जवळपास तेवढंच पोचतं. पेशंटचा डोस कमी होतो, टाइम कमी लागतो म्हणून हलल्याने येणारा ब्लर कमी होतो, पण कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो. रडणारं लहान मूल समोर आलं की हा नियम सोन्यासारखा आहे.

तिसरा ग्रिड, म्हणजे शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी. ग्रिड स्कॅटर अडवतो पण कामाचेही थोडे एक्सरे खातो, त्यामुळे ग्रिड लावला की एमएएस वाढवावं लागतं, ८:१ च्या ग्रिडला साधारण चौपट, १२:१ ला पाचपट धरा. पातळ भागाला, म्हणजे हात, मनगट, घोटा, ग्रिड लागत नाही. कोणीतरी मनगट बकीत, म्हणजे ग्रिड बसवलेल्या कप्प्यावर, ठेवून घेताना दिसेल, तेव्हा मनात प्रश्न आला पाहिजे की का बरं.

डिजिटलमध्ये एक सापळा आहे तो नीट समजून घ्या, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी डार्करूम पाहिलेली पण नसेल. फिल्मच्या जमान्यात जास्त एक्सपोजर दिलं की फोटो काळा पडायचा, चूक लगेच समोर यायची. सीआर-डीआरमध्ये, म्हणजे डिजिटल मशीनवर, सॉफ्टवेअर ब्राइटनेस सांभाळून घेतं. कमी दिलं तर फोटो दाणेदार येतो आणि डॉक्टर ओरडतात, जास्त दिलं तर फोटो गुळगुळीत, सुंदर येतो आणि कोणीच काही बोलत नाही. मग हळूहळू सगळ्यांचा हात वरच जातो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक फोटोनंतर एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती रेडिएशन पोचलं त्याचा, आकडा बघायची सवय, तुमच्या कंपनीच्या मशीनवर तो कोणत्या रेंजमध्ये हवा ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत एकसारखी नसते. सुंदर दिसणारा पण इंडेक्स बिघडलेला फोटो सुद्धा वहीत टाका, रिपीट झाला नसला तरी.

ॲनाटॉमी: आधी स्वतःच्या अंगावर

२०६ हाडं एका रात्रीत पाठ होत नाहीत आणि तशी गरजही नाही. आपल्याला सर्जन व्हायचं नाही, आपल्याला बाहेरून हात लावून आतली गोष्ट कुठे आहे ते ओळखायचंय. म्हणून लँडमार्कपासून सुरू करा. मान पुढे वाकवा, मागे जे सगळ्यात ठळक हाड हाताला लागतं ते सी-७, म्हणजे मानेचा सातवा मणका (टी म्हणजे छातीचे मणके, एल म्हणजे कमरेचे). छातीच्या मध्यभागी स्टर्नमवर जो आडवा उंचवटा लागतो तो स्टर्नल अँगल, मागच्या बाजूला टी-४, टी-५ च्या लेव्हलला. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक टी-७. कमरेवर हात ठेवल्यावर जी हाडाची कड लागते, इलियाक क्रेस्ट, ती एल-४ च्या आसपास. हे सगळं रोज आंघोळीनंतर आरशासमोर एकदा करा, दहा दिवसांत बोटांना पाठ होतं. नंतर मैत्रिणीवर, भावावर, म्हणजे बारीक आणि जाड माणसात किती फरक पडतो ते कळतं, जाड माणसाची इलियाक क्रेस्ट शोधणं हे खरंच वेगळं कौशल्य आहे.

पाठांतर जिथे लागतंच तिथे चाल लावून करा. मनगटाची आठ हाडं आम्ही हॉस्टेलवर टाळ्या वाजवत म्हणायचो, स्कॅफॉइड-ल्युनेट-ट्रायक्वेट्रम-पिसिफॉर्म, ही वरची ओळ अंगठ्याकडून करंगळीकडे, मग ट्रॅपेझियम-ट्रॅपेझॉइड-कॅपिटेट-हॅमेट ही खालची, ती पण अंगठ्याकडूनच. इंग्रजी शॉर्टकट लक्षात राहत असतील तर तेही चालतील, पण दिशा लक्षात ठेवा, दिशा विसरली की आठही नावं येऊन उपयोग नाही.

आणि प्रत्येक हाड शिकताना ते सुट्टं हाड, पुस्तकातलं चित्र आणि एक्सरे, तिन्ही समोर ठेवा. सुट्टं हाड ओळखणारी मुलं एक्सरेत अडकतात कारण तिथे सगळं एकावर एक सावलीसारखं पडलेलं असतं.

पोझिशनिंग: एक व्ह्यू हाडामांसासकट शिका

सगळे व्ह्यू एकदम नाही. चेस्ट पीए (छातीचा फोटो, एक्सरे पाठीकडून छातीकडे; एपी म्हणजे उलटा) घ्या, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त तोच होतो आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणाही त्यातच होतो. हा एक व्ह्यू आतून बाहेरून समजला की बाकीच्यांना काय प्रश्न विचारायचे ते कळतं.

पीए का, एपी का नाही? हृदय छातीत पुढच्या बाजूला आहे, पेशंटची छाती डिटेक्टरला टेकवली की हृदय डिटेक्टरच्या जवळ येतं आणि मोठं दिसत नाही. ट्यूब १८० सेंटिमीटरवर का? तेच कारण, लांबून घेतलं की मॅग्निफिकेशन कमी. केव्हीपी शंभराच्या वर का? फासळ्या फिक्या पडाव्यात आणि त्यांच्या मागचं फुफ्फुस दिसावं म्हणून. उभं राहून का? डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, खाली जातो आणि फुफ्फुसाभोवती पाणी असेल तर ते तळाला जमून लेव्हल दिसते. बघा, चार ओळींत फिजिक्स, ॲनाटॉमी, पॅथॉलॉजी सगळं आलं.

आता पेशंट. आमच्याकडे खेड्यातून येणारे लोक जास्त, त्यांना श्वास रोखा म्हटलं तर कित्येकजण आपल्याकडे नुसतं बघत राहतात किंवा नाकाने छोटासा श्वास घेतात आणि लगेच सोडतात. त्यांना सांगायचं, काका, पूर्ण दम भरून घ्या आणि तसाच दम धरून ठेवा. मुंबईत हिंदी लागते, सीमाभागात कानडी, जिथे पोस्टिंग असेल तिथले हे दोन शब्द पहिल्या दिवशी शिकून घ्या. आणि एक्सपोजरच्या आधी एकदा रिहर्सल करून घ्या, त्यांचे खांदे आणि पोट बघा, दम भरला की पोट कळतं. फोटोत डायफ्रॅमच्या वर मागच्या नऊ-दहा फासळ्या मोजता आल्या पाहिजेत, सहा-सातच दिसल्या तर दम भरलाच नव्हता आणि हृदय खोटं मोठं दिसणार, मग त्या माणसाला उगाच टूडी इकोला पाठवणार, त्याचे पैसे जाणार.

अंगावरच्या वस्तू हा तर स्वतंत्र धडा आहे. मंगळसूत्र, ताईत, गळ्यातली चेन, ब्लाउजचे हुक, शर्टाच्या खिशातलं पाकीट, आणि पोटाच्या फोटोला करदोटा, पावलाच्या फोटोला जोडवी. मंगळसूत्र काढायला काही बायका तयार होत नाहीत, त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही, लांब असेल तर वर घेऊन ओठात धरायला सांगितलं तरी काम होतं. वेणीची गोष्ट पुस्तकात पटकन सापडत नाही म्हणून मुद्दाम सांगते, जाड वेणी पाठीवर किंवा खांद्यावरून खाली आली असेल तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला पांढुरका पट्टा दिसतो, आणि ती जागा टीबीची आवडती आहे. केस वर बांधून घ्यायचे.

हनुवटी वर, हात कमरेवर, कोपर आणि खांदे पुढे डिटेक्टरकडे, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसावरून बाजूला जातात. फोटो आला की क्लॅव्हिकलची, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडांची, आतली दोन टोकं मणक्याच्या मधल्या स्पायनस प्रोसेसपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा, नसली तर पेशंट फिरलेला आहे. दोन्ही कॉस्टोफ्रेनिक अँगल, म्हणजे फासळ्या आणि डायफ्रॅममधले खालचे कोपरे, फोटोत आले का, खाली कापले गेले तर पाणी कुठे शोधणार. आणि राइट-लेफ्टचा शिशाचा मार्कर एक्सपोजरच्या आधीच लावायचा, नंतर कॉम्प्युटरवर अक्षर टाकणं ही सवय लावून घेऊ नका. काही लोकांचं हृदय जन्मतःच उजव्या बाजूला असतं, तिथे आपण अंदाजाने मार्कर टाकला तर काय होईल विचार करा.

असं एक पान प्रत्येक व्ह्यूचं तयार करा, आठवड्याला दोन व्ह्यू पुरे. मार लागलेल्या हाडाला कमीत कमी दोन फोटो एकमेकांशी काटकोनात, लांब हाडाला दोन्ही टोकांचे सांधे आले पाहिजेत, मानेच्या लॅटरलमध्ये सी-७ आणि टी-१ चा जोड दिसलाच पाहिजे, स्कॅफॉइडची शंका असेल तर मनगट करंगळीकडे वळवून वेगळा व्ह्यू. हे चार नियम कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगआधी पाठ असू द्या, बाकी तिथे शिकता येतं.

पाळीबद्दल कसं विचारायचं

हे शिकवतच नाहीत नीट. पोट, कंबर, ओटीपोटाचा फोटो किंवा सीटी असेल आणि मूल होण्याच्या वयाची बाई असेल तर विचारणं तुमचं काम आहे. पण रांगेत दहा माणसं उभी असताना काउंटरवरून ओरडून नाही. आत घ्या, दार लावा, सासू किंवा नवरा बाहेर थांबू दे, आणि साध्या भाषेत विचारा, ताई, शेवटची पाळी कधी आली होती, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? लग्न झालंय का हा प्रश्न विचारायचा नाही, त्याचा इथे संबंध नाही. मुलांना हे विचारायला अवघड जातं, तर सोबत नर्स किंवा मैत्रीण घ्या, पण विचारल्याशिवाय एक्सपोजर द्यायचं नाही. शंका असेल तर थांबा आणि रेडिओलॉजिस्टना सांगा.

रेडिएशन सेफ्टी: हे मार्कांसाठी नाही

आपल्या देशात याचे नियम एईआरबी ठरवतं, अणुऊर्जा नियामक परिषद, १९८३ साली स्थापन झालेली, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. परीक्षेत हमखास येणारे आकडे असे: रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यासाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि सामान्य जनतेसाठी वर्षाला १. लीड ॲप्रन कमीत कमी ०.२५ मिलिमीटर लेडइतका. तो घडी घालून खुर्चीवर टाकायचा नाही, आतून तडे जातात आणि बाहेरून काही दिसत नाही, हँगरलाच लावायचा.

टीएलडी बॅज, म्हणजे तुम्हाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला, छातीवर, ॲप्रनच्या आत. दर तीन महिन्यांनी तो रीडिंगला जातो. खोलीत विसरून घरी गेलात तर त्याने दिवसभर तुमच्या नावावर दुसऱ्याचं रेडिएशन मोजलेलं असतं, म्हणून जाताना ठरलेल्या जागीच ठेवा, आणि एकमेकांचा बॅज वापरू नका. माझ्या बॅचला सुरुवातीला बॅजच मिळाले नव्हते, आम्ही गप्प बसलो, सगळे म्हणाले उगाच कशाला. तुम्ही गप्प बसू नका. चौघांनी मिळून लेखी अर्ज द्या, नम्र भाषेत, पण लेखी.

आणि पेशंटला धरून उभं राहायचं काम विद्यार्थ्याचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. मूल हलत असेल तर आधी टाइम कमी करा, वाळूच्या पिशव्या, पट्टे वापरा, तरीही नाहीच जमलं तर नातेवाईकाने ॲप्रन घालून धरायचं, ती नातेवाईक गरोदर नाही हे विचारून.

सीटी, एमआरआय, सोनो

सीटीला पहिल्यांदा जाल तेव्हा प्रोटोकॉल पाठ करायला धावू नका, हाउन्सफील्ड स्केल समजून घ्या, म्हणजे सीटीत कुठला भाग किती घट्ट दिसतो त्याचे आकडे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, घट्ट हाड १००० च्या पुढेही. मग विंडो, म्हणजे यातले कुठले आकडे करड्या रंगात दाखवायचे ते (लेव्हल म्हणजे मधला आकडा, विड्थ म्हणजे पल्ला), आपोआप समजते, मेंदूसाठी लेव्हल ४० आणि विड्थ ८०, फुफ्फुसासाठी लेव्हल उणे ६०० आणि विड्थ १५००, कन्सोलवर बसून हे आकडे स्वतः फिरवून बघा, एकदा बघितलं की विसरत नाही. कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे शिरेतून औषध देऊन स्कॅन होणाऱ्या, पेशंटला क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), आधीची ॲलर्जी, दमा, डायबेटिसच्या गोळ्या हे विचारल्याशिवाय सुई नाही.

एमआरआयमध्ये रेडिएशन नाही म्हणून मुलं निवांत होतात. निवांत व्हायची जागा ती नाहीच. मॅग्नेट चोवीस तास चालू असतो, रात्री लाइट बंद असले तरी, स्कॅन चालू नसला तरी. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, मॅग्नेटने सिलिंडरसकट खेचला आणि त्याचा जीव गेला. म्हणून स्क्रीनिंग फॉर्म वाचून दाखवायचा, नुसती सही घ्यायची नाही, आणि पेसमेकर, क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला का हे स्वतःच्या तोंडाने विचारायचं, वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग, वेल्डिंग करणाऱ्यांना तर खासच. सोबतच्या नातेवाईकाचं, वॉर्डबॉयचं स्क्रीनिंगही तितकंच महत्त्वाचं. थिअरीत लार्मरचा, म्हणजे मॅग्नेटमध्ये अणूंच्या केंद्रकांच्या फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीचा, हिशोब येतो, हायड्रोजनसाठी दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५ टेस्लाला साधारण ६३.९.

सोनोग्राफीच्या खोलीत आपली भूमिका मर्यादित आहे, पण कायदा पूर्ण माहीत हवा. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ साली, देशाचा कायदा १९९४ चा. एफ फॉर्म, म्हणजे या कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा भरायचा फॉर्म, अर्धवट ठेवायचा नाही आणि कोणी ओळखीचं म्हणून विचारलं तर शब्दानेही, खुणेनेही काही सांगायचं नाही.

पेपर आणि आठवडा

मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी खास सांगते, मीही तिथूनच आलेय. उत्तर आधी मराठीत स्वतःला मोठ्याने समजावून सांगा, अडकलात तिथे समजलेलं नाही असं धरा, मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. लांबलचक वाक्यं लिहायच्या नादात चुका होतात आणि मार्क त्याचे नसतातच, मार्क मुद्दे आणि आकृतीचे. एक्सरे ट्यूबची आकृती न बघता तीन मिनिटांत नावांसकट काढता येईपर्यंत काढा, मला वीसेक वेळा काढावी लागली. तसंच फिलामेंट सर्किट, ग्रिड, सीटीच्या जनरेशन.

आठवड्याचं गणित सोपं ठेवा. रोज पोस्टिंगनंतर अर्धा तास फक्त वहीचा चौथा रकाना. दोन संध्याकाळी फिजिक्सचे हिशोब, दोन संध्याकाळी नवीन व्ह्यूची पानं, रविवारी मागच्या महिन्याची वही उघडून तेच तेच कारण किती वेळा आलंय ते मोजायचं. माझं वहीच्या पहिल्या वर्षी रोटेशनच रोटेशन होतं, म्हणजे पेशंट फिरलेला, दहापैकी सहा वेळा. मग त्यावरच दोन आठवडे काम केलं. लॉगबुक रोजच्या रोज सही करून घ्या, टर्म संपताना सही घेत फिरणाऱ्यांची फरफट मी दरवर्षी बघते. केस स्टडी लिहायची असेल तेव्हा मागच्या बॅचची कॉपी नका करू, तुमच्या वहीतलं एक पान उचला, ते वाढवून लिहिलं की दहा पानं सहज होतात आणि प्रश्न विचारले तर उत्तरं तुमचीच असतात.

प्रॅक्टिकलच्या दिवशी स्वतःचे मार्कर, बॅज, पेन बरोबर ठेवा. पेशंटला स्वतःचं नाव सांगा, त्यांचं नाव आणि वय त्यांच्याकडूनच वदवून घ्या आणि कागदाशी ताडा, कुठली बाजू दुखते तेही त्यांनाच विचारा, कारण कागदावर राइट-लेफ्ट चुकलेलं मी स्वतः पाहिलंय. कोलिमेशन, म्हणजे एक्सरेचा झोत, हव्या तेवढ्या भागापुरतंच. आणि फोटो आल्यावर एक्झामिनर जवळजवळ नक्की विचारतात, हा रिपीट करणार का? इथे बरीच मुलं घाबरून हो म्हणतात. आधी मागणीच्या कागदाकडे बघा, डॉक्टरांनी काय विचारलंय ते वाचा. फुफ्फुसाभोवती पाणी आहे का एवढाच प्रश्न असेल, दोन्ही अँगल स्वच्छ दिसत असतील आणि फक्त खांद्याचं पातं थोडं आत आलं असेल तर उत्तर आहे, नाही सर, रिपीट करणार नाही, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यात मिळतंय. आणि कारण सांगून झालं की पुढचं वाक्यही म्हणा, पुढच्या पेशंटला मी कोपर आणखी पुढे घेईन.